ब्रँडच्या लोगोची गंमत करणारे टी-शर्ट विकायचेत? छापण्याआधी हे तपासा

मागच्या महिन्यात कोल्हापूरहून एका मुलाने डिझाइनची फाइल पाठवली. सोबत निरोप होता, 'दादा, पहिला लॉट शंभर पिसांचा टाकतोय, एकदा नजर टाका.' छातीवर तीन तिरक्या पट्ट्या, त्यांना टेकून गाढ झोपलेला माणूस आणि खाली आदिदासच्या अक्षरांसारख्याच जाड, गोलसर अक्षरांत 'आळशीदास'. चित्र खरोखर छान होते. मी लगेच फोन करून त्याला थांबवले.

पुण्यात टी-शर्ट छपाईचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. सुरुवातीच्या काळात एका खाद्यपदार्थाच्या पाकिटाचे विडंबन मी छापले होते आणि त्या कंपनीच्या वकिलांची नोटीस आली होती. अकरा पाने. माझ्या इन्स्टाग्राम पानाचे रंगीत स्क्रीनशॉट, ट्रेडमार्क नोंदणीच्या प्रमाणपत्रांच्या प्रती आणि शेवटी माझ्याच सहीचे बिल. त्यांनी माझ्याकडून एक टी-शर्ट विकत घेतला होता, पुरावा म्हणून. ते बिल बघताना हात थंड पडले होते. त्या वेळी कोणी नीट समजावून सांगितले असते तर पैसे आणि झोप, दोन्ही वाचले असते. म्हणून हे सगळे सविस्तर लिहितो आहे.

'ही तर गंमत आहे' एवढ्याने भागत नाही

आपल्याकडे सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज असा, की अक्षर बदलले, चित्र थोडे वाकवले, की ते विडंबन होते आणि विडंबनाला कायद्यात माफी आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ उघडून बघा. कलम ३० मध्ये कोणता वापर उल्लंघन ठरत नाही ते सांगितले आहे. त्यात विडंबन हा शब्द नाही. तिथे निकष आहे तो व्यापारातल्या प्रामाणिक रीतीचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी सवलत आहे, पण लोगोच्या भांडणात मुख्य लढाई बहुतेक वेळा ट्रेडमार्कचीच असते.

न्यायालय दोन अंगांनी बघते. पहिले कलम २९(२): खूण मिळतीजुळती, माल तोच किंवा तसाच, आणि त्यामुळे लोकांचा गोंधळ होण्याची किंवा दोघांचा काही संबंध आहे असे वाटण्याची शक्यता. दुसरे कलम २९(४): माल वेगळा असला तरी खुणेची भारतात प्रतिष्ठा आहे, आणि तुम्ही सबळ कारणाशिवाय त्या प्रतिष्ठेचा गैरफायदा घेता किंवा तिला धक्का लावता. इथे गोंधळ झाला पाहिजे अशी अटच नाही. 'आमचा टी-शर्ट कोणी ओरिजिनल समजून घेत नाही' हे उत्तर पहिल्या कलमाला फार तर थोडे पुरते, दुसऱ्याला अजिबात पुरत नाही.

आता 'आळशीदास' या चौकटीत ठेवा. आदिदास कपडेच विकते, म्हणजे माल तोच. ट्रेडमार्कच्या वर्गवारीत कपडे, पादत्राणे आणि टोप्या वर्ग २५ मध्ये येतात. तीन पट्ट्या हीच त्या कंपनीची ओळख. अक्षरांचे वळण तेच. शब्द वेगळा आहे, पण ज्याला मूळ ब्रँड माहीत नाही त्याला तो विनोद कळणारच नाही. म्हणजे त्या टी-शर्टमधली सगळी वीज परक्या तारेवरून आली आहे. चहाच्या किंवा साबणाच्या लोगोपेक्षा कपड्यांच्या ब्रँडचे विडंबन कपड्यावर छापणे जास्त धोक्याचे असते ते यामुळे.

जिंकलेले खटले नीट वाचा

विडंबनाच्या बाजूने बोलणारे दोन निकालांकडे बोट दाखवतात. दोन्ही महत्त्वाचे आहेत, पण त्यांच्या अटी कोणी सांगत नाही.

पहिला दक्षिण आफ्रिकेतला, आणि तो टी-शर्टचाच आहे. तिथे जस्टिन नर्स नावाच्या तरुणाची 'लाफ इट ऑफ' ही छोटी कंपनी होती. 'कार्लिंग ब्लॅक लेबल' या बिअरच्या लेबलाचे रंगरूप घेऊन त्यांनी 'ब्लॅक लेबर, व्हाइट गिल्ट' असा टी-शर्ट काढला. काळ्यांचे कष्ट, गोऱ्यांची अपराधी भावना. खालच्या ओळीत १६५२ पासून चाललेल्या शोषणाचा उल्लेख होता. त्या वर्षी डच लोक केपला उतरले. बिअर कंपनी आधी केप हायकोर्टात जिंकली, मग २००४ मध्ये अपील न्यायालयातही जिंकली. शेवटी २७ मे २००५ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल फिरवला. नुसती बदनामी झाली असे म्हणून चालणार नाही, त्या टी-शर्टमुळे विक्रीला खरोखर आर्थिक फटका बसण्याची शक्यता आहे याचा पुरावा द्या, आणि तो कंपनीने दिलेला नाही, असे न्यायालय म्हणाले.

निकाल वाचून मला मनापासून आनंद झाला होता. पण त्यातले दोन मुद्दे विसरू नका. त्या टी-शर्टवरचा विनोद त्या देशाच्या इतिहासाबद्दल, आणि बाजारात आपल्या लेबलाला जपणाऱ्या बलाढ्य कंपन्यांबद्दल काही बोलत होता. आणि जिंकायला त्यांना तीन न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. शंभर पिसांचा लॉट टाकणाऱ्याला ते कसे परवडणार?

दुसरा निकाल आपल्याकडचा. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे म्हणून ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने 'टर्टल व्हर्सेस टाटा' हा ऑनलाइन खेळ काढला. त्यात टाटांचा गोलातला टी वापरला होता. टाटा सन्सने दहा कोटींच्या भरपाईचा दावा लावला आणि मनाई हुकूम मागितला. २८ जानेवारी २०११ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी तो अंतरिम मनाई हुकूम नाकारला. टीकेसाठी लोगो वापरता येतो, हा धीर या निकालाने दिला. पण ग्रीनपीस काही विकत नव्हते. आपण विकतो. हा फरक फार मोठा आहे.

अमेरिकेत माल पाठवणाऱ्यांनी, आणि तिकडे राहून ऑनलाइन विकणाऱ्या मराठी मंडळींनी तिसरा निकाल लक्षात ठेवावा. जॅक डॅनियल्स व्हिस्कीच्या बाटलीसारखे कुत्र्याचे खेळणे, नाव 'बॅड स्पॅनियल्स'. ८ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की विडंबनाची खूण तुम्ही स्वतःच्या मालाची ओळख म्हणून वापरत असाल, तर अभिव्यक्तीच्या नावाखाली सुरुवातीलाच खास कवच मिळणार नाही. अमेरिकेत सगळे चालते, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते खरे नाही.

शब्दांच्या खेळावर आपल्या न्यायालयांचा रोख कसा असतो याचे छोटे उदाहरण दिल्लीचे आहे. 'सरदारबक्ष' नावाच्या कॉफीच्या दुकानांवर स्टारबक्सने दावा केला आणि २०१८ मध्ये त्यांना नाव 'सरदारजी-बख्श' असे बदलावे लागले.

छापण्याआधीची तपासणी

सगळ्यात आधी कागद घ्या आणि एका वाक्यात लिहा: हा विनोद कोणावर आहे? ब्रँडवर, त्याच्या जाहिरातीवर, त्याच्या किमतीवर, त्याच्या वागण्यावर असेल तर तुमच्याकडे बोलायला काहीतरी आहे. विनोद आळशीपणावर, बायको-नवऱ्यावर किंवा सोमवारच्या कंटाळ्यावर असेल आणि लोगो फक्त नजर खेचायला घेतला असेल, तर ती उसनवारी आहे. कोल्हापूरच्या मुलाला मी हेच विचारले, 'अरे, यात आदिदासबद्दल तू काय म्हणतोयस?' तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'काहीच नाही, दादा.' निम्मा निर्णय तिथेच झाला.

मग सरकारी नोंदणी शोधा. आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध फुकट आहे. वर्डमार्क, म्हणजे शब्दखुणेच्या रकान्यात मूळ ब्रँडचे नाव टाका, वर्ग २५ टाका. मग उच्चारसाम्याचा शोध लावा, कारण न्यायालय स्पेलिंगपेक्षा कानाला काय ऐकू येते हे बघते. चित्रखुणांसाठी व्हिएन्ना कोडने, म्हणजे आकृतींना दिलेल्या ठरावीक क्रमांकांनी शोधता येते. 'ही तर बिस्किटाची कंपनी, कपड्यांशी काय संबंध' असे धरून चालू नका. मोठ्या कंपन्या स्वतःचे टी-शर्ट आणि टोप्या विकतात आणि वर्ग २५ मध्येही नोंदणी करून ठेवतात. त्याच संकेतस्थळावर सुप्रसिद्ध ट्रेडमार्कची यादी आहे. तिथे नाव सापडले तर कलम २९(४) तुमच्या दारात उभे आहे असे समजा.

तिसरी तपासणी मी रोज करतो. प्रिंट काढून भिंतीला लावतो आणि आठ-दहा पावले मागे जातो. अक्षरे वाचता येत नाहीत, फक्त रंग आणि आकार दिसतात. त्या अंतरावरून मूळ ब्रँडच डोळ्यांसमोर आला तर डिझाइन परत टेबलावर. रंगजोडी, अक्षरांचे वळण, आकृती आणि मांडणी या चारपैकी चारही मूळच्या असतील तर नाव बदलून काही उपयोग नाही. एखाद्याचाच इशारा पुरतो का बघा. जाणकार गिऱ्हाइकाला तेवढा पुरतो.

मूळ लोगोची फाइल इंटरनेटवरून उतरवून तीच ट्रेस करणे हा वेगळा गुन्हा होऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते. चित्ररूप लोगो ही कॉपीराइट कायद्याने कलाकृती असते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. ट्रेडमार्कच्या गुन्ह्यात वॉरंटशिवाय झडती घ्यायला उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो, ट्रेडमार्क निबंधकांचे मत घ्यावे लागते. कॉपीराइटमध्ये उपनिरीक्षकही माल जप्त करू शकतो. म्हणून आकृती हाताने, स्वतःची, पहिल्या रेषेपासून काढा आणि कच्ची रेखाटने तारखेसह जपून ठेवा.

लिस्टिंगचे, म्हणजे ऑनलाइन विक्रीच्या पानावरचे शब्दही तपासा. डिझाइन ठीक असते आणि खाली हॅशटॅगमध्ये मूळ ब्रँडचे नाव, वर 'अमुक स्टाइल टी-शर्ट' असे शीर्षक असते. माझ्या नोटिशीत सगळ्यात जास्त जागा याच स्क्रीनशॉटनी घेतली होती. ब्रँडचे नाव टाकून गिऱ्हाईक खेचले, म्हणजे प्रतिष्ठेचा फायदा घेतला हे तुम्ही स्वतःच लिहून दिले.

गळ्याच्या आतल्या लेबलवर तुमचे नाव ठळक असू द्या. 'या टी-शर्टचा त्या कंपनीशी संबंध नाही' अशी ओळ टॅगवर आणि पानावर घाला, पण तिच्यावर विसंबू नका. गोंधळाच्या आरोपाविरुद्ध ती थोडा आधार देते, प्रतिष्ठेच्या आरोपाविरुद्ध जवळजवळ काहीच नाही. स्वतःच्या नावाची वर्ग २५ मध्ये नोंदणी करून घ्या. वैयक्तिक किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. नोंदणी हातात येईपर्यंत नावापुढे गोलातला आर (नोंदणीकृत असल्याची खूण) लावू नका, तो खोटा लावणे दंडाला पात्र आहे.

काही गोष्टी अजिबात नकोत

सिंहमुद्रा, म्हणजे राज्यचिन्ह, गमतीतही छापू नका. २००५ च्या कायद्याने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. बोधचिन्हे आणि नावे यांचा गैरवापर रोखणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांची नावे व चित्रे आहेत. केंद्राच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरायला बंदी आहे. महाराजांचे टी-शर्ट आपल्याकडे जागोजागी दिसतात, श्रद्धेने घेतले जातात, म्हणून त्यावर कायदाच नाही असे अनेकांना वाटते. कायदा आहे.

नटांचे चेहरे आणि संवाद हे नवे संकट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने जो आदेश दिला त्यात नाव, चेहरा, आवाज यांच्यासोबत त्यांचे 'झकास'ही होते. पुढच्या वर्षी जॅकी श्रॉफ यांच्या प्रकरणात 'भिडू' आले. हे शब्द आपल्या बोलण्यातले आहेत आणि नुसता शब्द सुबक अक्षरांत छापण्यात मला धोका दिसत नाही. पण खाली त्या नटाचे रेखाचित्र आले की तुम्ही त्याची ओळख विकता. अनिल कपूर यांच्या आदेशात खऱ्या विडंबनाला आणि टीकेला जागा असल्याचे न्यायालयाने म्हटले आहे, पण धंद्यासाठी ओळख वापरण्याला नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या स्टॉलवर गांजा, दारू आणि अश्लील शब्द घालून वाकवलेले लोगो टांगलेले असतात. तिथे चालते म्हणून आपण ऑनलाइन विकू, असा विचार करू नका. ब्रँडला नशेशी किंवा अश्लीलतेशी जोडणे म्हणजे प्रतिष्ठेला धक्का लावल्याचा आयता पुरावा.

छपाईवाल्याचीही मान अडकते

ऑर्डर दुसऱ्याची, डिझाइन दुसऱ्याचे, मी फक्त हीट प्रेस दाबतो, असे आमच्या धंद्यातले पुष्कळ जण म्हणतात. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०३ मध्ये खोटी खूण लावणारा येतो, १०४ मध्ये तसा माल विकणारा आणि विक्रीसाठी साठवणारा. शिक्षा दोघांनाही सहा महिने ते तीन वर्षे, दंड पन्नास हजार ते दोन लाख. १०३ मध्ये बचाव आहे तो फसवणुकीचा हेतू नव्हता हे सिद्ध करण्याचा. १०४ मध्ये पुरेशी खबरदारी घेतली होती आणि माल कोणाकडून घेतला हे विचारताच सांगितले, असे दाखवावे लागते. म्हणून तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कोऱ्या मालापासून डीटीएफच्या (फिल्मवर छापून कापडावर दाबायच्या) शीटपर्यंत प्रत्येक गोष्टीचे बिल हवे, आणि ऑर्डर देणाऱ्याकडून 'डिझाइन माझे आहे, हक्काची जबाबदारी माझी' असे लेखी हवे. व्हॉट्सअॅपवर 'छाप की भाऊ, काय होत नाही' एवढ्यावर रोल चढवू नका.

इथे विडंबनाला एक बाजू अनुकूल आहे आणि एक प्रतिकूल. अनुकूल ही, की उघड थट्टा करणारा टी-शर्ट स्वतःला ओरिजिनल म्हणवत नाही, त्यामुळे फसवण्याचा हेतू दाखवणे कठीण जाते. प्रतिकूल ही, की कलम १३५ मध्ये अजाणतेपणी उल्लंघन करून लगेच थांबलेल्या माणसाला नाममात्र भरपाईवर सोडण्याची जी सवलत आहे, ती तुम्हाला मिळत नाही. मूळ खूण माहीत असल्याशिवाय विडंबन होतच नाही.

नोटीस आली तर

घाबरून नोटिशीत दिलेल्या कंपनीच्या वकिलाच्या नंबरवर लगेच फोन करू नका. 'सॉरी साहेब, चूक झाली, पाचशेच विकले' हे वाक्य पुढे तुमच्याविरुद्ध जाईल. आधी पाकिटासकट तारीख टिपा, उत्तराची मुदत बघा, नोटिशीतले नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून ती नोंदणी चालू आहे का, कोणत्या वर्गात आहे ते तपासा. विक्री लगेच थांबवा, लिस्टिंग खाली घ्या, पण त्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. जुने काही पुसू नका.

पत्ता पुण्याचा, कोल्हापूरचा असला तरी दावा दिल्लीत लागू शकतो. मालकाच्या व्यवसायाच्या ठिकाणी दावा लावण्याची मुभा कलम १३४ मध्ये आहे, आणि तुमच्या साइटवरून दिल्लीत माल जातो हेही कारण पुरते. म्हणून तुमच्या वकिलाला पहिला प्रश्न कॅव्हेटचा, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' या आगाऊ अर्जाचा विचारा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट टाकले की तुम्हाला न ऐकता एकतर्फी हुकूम होणे अवघड जाते. ते नव्वद दिवस चालते. नाहीतर एखाद्या सकाळी मुंबई उच्च न्यायालयाचे कोर्ट रिसीव्हर किंवा दिल्लीचे लोकल कमिशनर, म्हणजे न्यायालयाने नेमलेले अधिकारी थेट गोदामात येतात, माल मोजून सील करतात. कंपनीला विक्रेत्यांची नावे ठाऊक नसली तरी 'अशोक कुमार' या नावाने अनोळखी लोकांविरुद्ध हुकूम मिळतो. तसे हुकूम आपल्याकडे नेहमीचे आहेत.

नोटीस पोकळ वाटत असेल, ब्रँडची नोंदणीच नसेल किंवा टीका अगदी स्पष्ट असेल, तर कलम १४२ खाली निराधार धमकीविरुद्ध तुम्हीही न्यायालयात जाऊ शकता. पण नोंदणीकृत मालकाने तत्परतेने खरा दावा लावला की ते शस्त्र बोथट होते.

बहुतेक प्रकरणे हमीपत्रावर मिटतात. माझेही तसेच मिटले. सही करण्यापूर्वी तीन ओळी नीट वाचा. हमी त्या एका डिझाइनपुरती आहे की 'कोणत्याही प्रकारे' अशी कायमची आहे. पैसे कशाबद्दल मागितले आहेत, त्यांचा वकील खर्च की तुमचा नफा. आणि उल्लंघन कबूल केल्याचे वाक्य आहे का. माझ्या वकील ताईंनी कबुलीचे वाक्य काढून 'वाद मिटवण्यासाठी' एवढेच शब्द ठेवायला लावले होते.

उरलेला माल वाटून टाकू नका, अनाथाश्रमाला देऊ नका, भावाच्या दुकानात सरकवू नका. तो बाहेर दिसला की हमी मोडली. माझे त्रेसष्ट टी-शर्ट उरले होते. साइजवार यादी केली, प्रत्येक गठ्ठ्याचा फोटो काढला, छातीवरचा छापील भाग कात्रीने कापून वेगळा केला, त्याचा व्हिडिओ वकिलांना पाठवला. उरलेले कापड १८० जीएसएमचे, म्हणजे मध्यम जाडीचे, आणि बायोवॉश, म्हणजे धुऊन मऊ केलेले. ते मशीन पुसायला दोन वर्षे पुरले. एक अख्खा नमुना बंद पाकिटात तारीख टाकून वकिलांच्या फाइलमध्ये ठेवला. पुढे कधी वाद उकरला गेला तर मी नेमके काय छापले होते ते दाखवायला तोच उपयोगी पडेल.